मँचेस्टरचा गोलरक्षक

मँचेस्टर हे नाव महाराष्ट्राला कापडामुळे परिचित आहे. मुंबईत गिरण्यांची धुरांडी उभी राहण्यापूर्वी, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे, मँचेस्टरच्या परिसरात विणलेले कापड आपल्या बाजारपेठांतून खपत असे. इंग्लंडमध्ये मात्र या शहराची आणखी एक ओळख आहे, ती फुटबॉलची. मँचेस्टर युनायटेड आणि मँचेस्टर सिटी हे दोन व्यावसायिक क्लब या एकाच शहरातले. गिरणीत आणि कारखान्यात आठवडाभर राबणारा कामगार शनिवारी दुपारी या दोहोंपैकी एकाच्या सामन्याला हजर असणार, हा तेथील कित्येक पिढ्यांचा परिपाठ होता.

१९४९ च्या ऑक्टोबर महिन्यात यांपैकी मँचेस्टर सिटीने एका नव्या गोलरक्षकाला आपल्याकडे घेतले आणि शहरात संतापाची लाट उसळली. क्लबकडे निषेधाची पत्रे येऊ लागली. हंगामाची तिकिटे घेणाऱ्यांनी बहिष्काराची भाषा सुरू केली. सुमारे २०,००० लोक निषेधासाठी रस्त्यावर उतरले, असे सांगितले जाते. या गोलरक्षकाच्या खेळाबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. मँचेस्टरमध्ये त्याचा खेळ फारसा कोणी पाहिलेलाही नव्हता. तक्रार एवढीच होती, की तो जर्मन होता, जर्मन सैन्यातून लढला होता आणि युद्धकैदी म्हणून इंग्लंडच्या भूमीवर आला होता. त्याचे नाव बर्नहार्ड कार्ल ट्राउटमान. पुढे सारे इंग्लंड त्याला बर्ट ट्राउटमान म्हणू लागले.

लोकांचा हा संताप निष्कारण होता, असे म्हणता येणार नाही. युद्ध संपून जेमतेम चार वर्षे झाली होती. अन्नधान्यावरील नियंत्रणे अद्याप उठावयाची होती. १९४० च्या नाताळच्या सुमारास जर्मन विमानांनी मँचेस्टरवर जो भीषण बाँबवर्षाव केला, त्यात आप्त गमावलेली कुटुंबे गल्लोगल्ली होती. मँचेस्टर युनायटेडचे ओल्ड ट्रॅफर्ड हे क्रीडांगण १९४१ च्या बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झाले होते आणि १९४९ पर्यंत त्या क्लबला आपले सामने शेजाऱ्याच्या, म्हणजे मँचेस्टर सिटीच्या, मेन रोड मैदानावर खेळावे लागले होते. शिवाय या शहरात ज्यूंची मोठी वस्ती होती. युरोपात ज्यूंच्या झालेल्या संहारात ज्यांचे कोणी ना कोणी बळी पडले नव्हते, अशी घरे तेथे थोडीच असतील. अशा शहरातील क्लबने आपले गोल राखण्यासाठी एक जर्मन छत्रीसैनिक आणावा, ही गोष्ट पुष्कळांना जखमेवर मीठ चोळल्यासारखी वाटली.

हा छत्रीसैनिक घडला कसा, हे शिक्षकांनी जरा थांबून पाहण्यासारखे आहे. ट्राउटमानचा जन्म २२ ऑक्टोबर १९२३ रोजी ब्रेमेन या बंदराच्या शहरात झाला. वडील गोदीच्या परिसरातील खतांच्या कारखान्यात काम करीत. पहिल्या महायुद्धातील पराभवानंतरचा तो काळ बेकारीचा व कमालीच्या चलनफुगवट्याचा होता. ट्राउटमान कुटुंबालाही हलाखीमुळे आपले राहते घर विकावे लागले. मुलगा उंचापुरा, चपळ, सर्व खेळांत पुढे. १९३३ च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाची दहा वर्षे पूर्ण होण्याआधीच, हा मुलगा नाझी पक्षाच्या बालसंघटनेत दाखल झाला. त्याला राजकारण कळत होते, अशातला भाग नाही. तेथे खेळ होते, शिबिरे होती, गणवेश होता, धावण्याच्या व उड्यांच्या स्पर्धा होत्या, बक्षिसे होती. क्रीडेची आवड हेच आमिष. आणि त्या आमिषाला जोडून शत्रुत्वाचे व वंशश्रेष्ठत्वाचे धडे रोज थोडेथोडे दिले जात. मुलांच्या मनाची मशागत किती पद्धतशीरपणे व किती वाईट हेतूने करता येते, याचे याहून स्पष्ट उदाहरण विसाव्या शतकात शोधून सापडणे कठीण आहे.

शाळा सुटल्यावर मोटारदुरुस्तीचे काम शिकत असतानाच युद्ध सुरू झाले. १९४१ मध्ये तो हवाई दलात भरती झाला, पुढे छत्रीसैनिक झाला आणि पूर्वेच्या आघाडीवर गेला. युक्रेनच्या एका जंगलात निःशस्त्र ज्यू स्त्रीपुरुषांना व मुलांना खंदकाच्या कडेला उभे करून गोळ्या घातल्या जात असल्याचे त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिले. ते दृश्य आयुष्यभर आपला पाठलाग करीत राहिले, हे त्याने म्हातारपणी सांगितले. रशियात दाखविलेल्या धैर्याबद्दल त्याला आयर्न क्रॉस हे पदक मिळाले. त्याच्या मूळ पथकातील सुमारे हजार सैनिकांपैकी नव्वदच्या आसपासच शेवटी उरले, असे सांगतात. एकदा रशियनांच्या व एकदा फ्रेंच प्रतिकारकांच्या हातून तो निसटला. अखेर १९४५ मध्ये ब्रिटिशांच्या हाती पडला आणि त्याची रवानगी इंग्लंडमध्ये झाली.

सुटकेपूर्वी प्रत्येक जर्मन कैद्याची मते तपासून त्याची वर्गवारी करण्याची पद्धत ब्रिटिशांनी ठेवली होती. ट्राउटमानला प्रथम कट्टर नाझींच्या वर्गात टाकण्यात आले. छावणीत त्यांना छळछावण्यांचे चित्रपट दाखविले गेले. एका ज्यू सार्जंटचा मोटारचालक म्हणून त्याला काम मिळाले. सुरुवातीला त्याला या माणसाचा तिटकारा होता. रोजच्या सहवासाने तो हळूहळू ओसरला, कारण बालपणापासून ज्या ‘ज्यू’चे चित्र त्याच्यापुढे उभे केले गेले होते, त्याच्याशी या समोरच्या माणसाचे काहीच जुळत नव्हते. आपले खरे शिक्षण बाविसाव्या वर्षी इंग्लंडमध्ये सुरू झाले, असे तो पुढे नेहमी म्हणे.

१९४६ मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे ४ लक्ष जर्मन युद्धकैदी होते. त्यांची शेतावर, रस्त्यांवर, बांधकामावर मदत होई. प्रारंभी स्थानिक लोकांनी त्यांच्याशी संबंध ठेवण्यास मनाई होती. १९४६ च्या डिसेंबरात ती उठली आणि त्या नाताळात अनेक इंग्रज कुटुंबांनी कैद्यांना आपल्या घरी जेवावयास बोलाविले. ज्यांनी बोलाविले त्यांत युद्धात मुलगे गमावलेलीही घरे होती. इतिहासाच्या पुस्तकात या गोष्टीला एखादी ओळही मिळत नाही. परंतु मँचेस्टरमध्ये तीन वर्षांनी जे घडले, त्याची पूर्वतयारी अशा घराघरांतून होत होती.

लँकेशायरमधील अ‍ॅश्टन-इन-मेकरफील्ड येथील पन्नास क्रमांकाच्या छावणीत कैद्यांचा फुटबॉल संघ होता. ट्राउटमान तेथे मध्यरक्षक म्हणून खेळे. एका सामन्यात त्याला दुखापत झाली, म्हणून त्याने गोलरक्षकाशी जागेची अदलाबदल केली. तेव्हापासून तो त्या दोन खांबांमध्येच राहिला. निव्वळ योगायोगाने हाती आलेले हे काम होते. छत्रीसैनिकाला पडावे कसे, हे शिकविलेले असते. गोलरक्षकाच्या कलेचा अर्धा भाग तोच आहे. लहानपणी ब्रेमेनमध्ये हँडबॉल खेळल्याने त्याचा पंजा आणि खांदा तयार होताच.

१९४८ मध्ये छावणी बंद झाली. मायदेशी परतण्याऐवजी त्याने इंग्लंडमध्येच राहणे पसंत केले. असे राहिलेले जर्मन कैदी सुमारे २४,००० होते. काही काळ त्याने शेतावर मजुरी केली आणि नंतर लिव्हरपूलजवळील हायटन येथे, न फुटलेले बाँब शोधून निकामी करणाऱ्या पथकात काम केले. जर्मन विमानांनी टाकलेले बाँब काढण्यासाठी जर्मन हातच कामी आले. सुटीच्या दिवशी तो सेंट हेलन्स टाउन या लहानशा हौशी क्लबकडून खेळे. गोलरक्षक पाहण्यासाठी लोक गर्दी करू लागले. एका स्थानिक चषकाच्या अंतिम सामन्याला ९,००० प्रेक्षक आले. याच क्लबच्या चिटणिसांच्या मुलीशी १९५० मध्ये त्याचा विवाह झाला. त्यापूर्वी एका इंग्रज तरुणीपासून त्याला मुलगी झाली होती आणि तिची जबाबदारी टाकून तो निघून गेला होता. कित्येक दशकांनी बापलेकीची भेट झाली. चरित्रनायकाची ही बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही.

तर अशा माणसाला मँचेस्टर सिटीने १९४९ मध्ये घेतले. त्यात भर अशी, की ज्याच्या जागी तो आला, तो फ्रँक स्विफ्ट हा इंग्लंडचा अत्यंत लोकप्रिय गोलरक्षक होता. संघाचा कर्णधार एरिक वेस्टवुड नॉर्मंडीच्या लढाईत जर्मनांविरुद्ध लढलेला. ट्राउटमान प्रथमच खेळाडूंच्या खोलीत आला तेव्हा वेस्टवुडने सर्वांदेखत त्याचे स्वागत केले आणि या खोलीत युद्ध नाही, असे बजावले. एका वाक्यात कर्णधाराने संघाचा प्रश्न सोडविला. शहराचा प्रश्न तसा सुटणारा नव्हता.

तो सोडविण्यास ज्यांनी सर्वाधिक हातभार लावला, ते होते मँचेस्टरमधील ज्यू समाजाचे धर्मगुरू अलेक्झांडर ऑल्टमन. ऑल्टमन हे स्वतः बर्लिनमध्ये धर्मगुरू होते. नाझींच्या राजवटीमुळे १९३८ मध्ये त्यांना जर्मनी सोडावी लागली. त्यांचे आईवडील ज्यूंच्या संहारात मारले गेले. निषेधात सूर मिसळण्याचा अधिकार कोणाला असेल, तर तो या माणसाला होता. त्यांनी मँचेस्टरच्या एका वृत्तपत्रात खुले पत्र लिहिले. जर्मनांच्या हातून ज्यूंनी भयंकर क्रौर्य सोसले हे खरे. तथापि ज्याचा त्या गुन्ह्यांशी संबंध नाही, अशा एकट्या व्यक्तीला जर्मन म्हणून शिक्षा करणे न्यायाचे नाही. प्रत्येकाची पारख त्याच्या त्याच्या गुणावगुणांवर व्हावी, असा त्या पत्राचा आशय होता. पत्राने विरोध एका रात्रीत मावळला नाही. पण या पत्रानंतर निषेधाचा आवाज उतरणीला लागला. ज्याचे सर्वात मोठे नुकसान झाले, त्यानेच संयमाचा शब्द उच्चारल्यावर इतरांना आपला आवाज चढविणे अवघड जाते.

१९ नोव्हेंबर १९४९ रोजी बोल्टन वाँडरर्सविरुद्ध ट्राउटमान पहिला सामना खेळला. येथे गोलरक्षकाच्या जागेचा थोडा विचार करावयास हवा. दोन खांबांमध्ये २४ फूट अंतर आणि ८ फूट उंचीवर आडवी दांडी. एवढे दार एका माणसाने राखावयाचे. आघाडीच्या खेळाडूने दहा संधी दवडून एक साधली तरी त्याचा जयजयकार होतो. गोलरक्षकाने दहा अडवून एक सोडला, तर लोकांच्या ध्यानात तो एकच राहतो. शिवाय तो जागचा हलत नाही. त्याच्या पाठीशी, अवघ्या काही यार्डांवर, प्रेक्षक उभे असतात आणि त्यांचा प्रत्येक शब्द त्याला ऐकू येतो. शत्रू मानलेल्या माणसाला मैदानावर उभे करावयाचेच असेल, तर याहून कठीण जागा शोधून मिळाली नसती. पहिल्या काही आठवड्यांत परगावच्या मैदानांवर त्याच्यावर शिव्यांचा भडिमार झाला. त्याचा परिणाम खेळावर दिसला. डर्बी काउंटीविरुद्धच्या सामन्यात त्याने सात गोल खाल्ले.

पालट झाला तो लंडनमध्ये. १९५० च्या जानेवारीत फुलहॅमविरुद्ध सामना होता. बाँबवर्षावात सर्वाधिक होरपळलेले शहर ते. राजधानीतील वृत्तपत्रांचे सारे डोळे या सामन्यावर. सिटीचा संघ त्या हंगामात दुबळा होता आणि त्याची धूळधाण उडणार, असेच सर्वांना वाटत होते. प्रेक्षकांनी हेटाळणीने सुरुवात केली. ट्राउटमानने एकामागून एक फटके अडविले आणि संघ केवळ १-० असा हरला. सामना संपल्यावर त्याच प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजविल्या आणि दोन्ही संघांचे खेळाडू दुतर्फा रांगा करून उभे राहिले. त्यांच्यामधून तो बाहेर गेला. हरलेल्या संघाच्या गोलरक्षकाला असा मान क्वचितच मिळाला असेल.

त्या हंगामाअखेर मँचेस्टर सिटी दुसऱ्या श्रेणीत उतरला आणि १९५१ मध्ये पुन्हा वर आला. पदार्पणानंतरच्या सुमारे २५० सामन्यांपैकी ट्राउटमान केवळ पाचच सामन्यांना मुकला. व्यावसायिक खेळाडूचे मोल चमकदार क्षणांत जितके, तितकेच या हजेरीपटात असते. त्या काळी गोलरक्षकाचे हात बहुधा उघडेच असत. पावसाळी दिवशी फार तर लोकरीचे हातमोजे. चामड्याचा चेंडू पाणी शोषून जड होई. चेंडू हाती असलेल्या गोलरक्षकाला खांद्याने धक्का मारून खाली पाडणे नियमात बसत असे. आणि या कष्टाचा मोबदला? इंग्लंडमधील व्यावसायिक खेळाडूंच्या वेतनावर कमाल मर्यादा होती. १९४७ मध्ये ती आठवड्याला १२ पौंड होती आणि १९५८ पर्यंत वाढत वाढत २० पौंडांवर पोहोचली. १९६१ मध्ये खेळाडूंच्या संघटनेच्या लढ्यामुळे ती रद्द झाली, तोवर ट्राउटमानचा उमेदीचा काळ सरत आला होता. खेळाडूला स्वतःच्या मर्जीने क्लब सोडताही येत नसे. १९५२ मध्ये शाल्के या जर्मन क्लबने त्याच्यासाठी १,००० पौंड देऊ केले. त्याची किंमत याच्या वीसपट आहे, असे सिटीने कळविले आणि विषय संपला.

त्याच्या खेळातील एक विशेष गोष्ट म्हणजे चेंडू हाताने फेकणे. चेंडू अडविला की तो पायाने जितका दूर उडविता येईल तितका उडवावा, ही इंग्रज गोलरक्षकांची जुनी रीत. अशा उडविलेल्या चेंडूवर दोन्ही संघांचा सारखाच हक्क. १९५३ च्या नोव्हेंबरात हंगेरीने वेंब्लीवर इंग्लंडचा ६-३ असा पराभव केला आणि इंग्रजांच्या अनेक समजुतींना धक्का बसला. हंगेरीचा गोलरक्षक ग्रोसिच चेंडू आपल्याच खेळाडूच्या पायाशी अचूक देई. सिटीने हंगेरीच्या पद्धतीवरून नवी रचना बसविली. डॉन रेव्ही हा मध्य आघाडीचा खेळाडू मागे राहून चढाया रचू लागला. या रचनेचा पहिला दुवा होता गोलरक्षकाच्या हातातून सुटणारा चेंडू. हँडबॉलमध्ये तयार झालेल्या हाताने ट्राउटमान तो दूरवर आणि नेमका पोहोचवी. गोलरक्षक हा बचावाचा शेवटचा माणूस, ही कल्पना बदलून तो चढाईचा पहिला माणूस ठरला. आज कोणत्याही प्रशिक्षण वर्गात हे प्राथमिक पाठ म्हणून शिकविले जाते.

जर्मनीच्या राष्ट्रीय संघातून मात्र तो कधीच खेळला नाही. प्रशिक्षक सेप हेर्बेर्गर यांना त्याची योग्यता ठाऊक होती, पण परदेशात खेळणाऱ्या खेळाडूची निवड करण्यास ते तयार नव्हते. १९५४ मध्ये पश्चिम जर्मनीने विश्वचषक जिंकला, तो टोनी टुरेक या गोलरक्षकासह.

१९५५ मध्ये मँचेस्टर सिटी एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. या सामन्यात खेळणारा ट्राउटमान हा पहिला जर्मन. न्यूकॅसलच्या जॅकी मिलबर्नने पहिल्याच मिनिटात गोल केला. थोड्या वेळाने सिटीचा बचावपटू जिमी मेडोज जखमी होऊन बाहेर गेला आणि उरलेला सारा सामना सिटीला दहा खेळाडूंनिशी खेळावा लागला. बदली खेळाडू घेण्याची सोय नियमात नव्हती. सिटी ३-१ असा हरला. पुढच्याच वर्षी संघ पुन्हा अंतिम सामन्यात आला, प्रतिस्पर्धी बर्मिंगहॅम सिटी. सामन्याच्या आदल्या दिवसांत इंग्लंडच्या फुटबॉल लेखकांनी ट्राउटमानला वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून निवडले. हा मान मिळविणारा तो पहिला गोलरक्षक होता. निषेध झाला त्याला सात वर्षेही झाली नव्हती.

५ मे १९५६. वेंब्लीवर सुमारे एक लक्ष प्रेक्षक. सिटी ३-१ असा पुढे. पंचाहत्तराव्या मिनिटाच्या सुमारास बर्मिंगहॅमचा पीटर मर्फी चेंडू घेऊन गोलाकडे झेपावला आणि ट्राउटमानने त्याच्या पायांत सूर मारला. चेंडू हाती आला. मर्फीचा गुडघा त्याच्या मानेवर आदळला. तो बेशुद्ध पडला. बदली खेळाडू नाही. त्याने मैदान सोडले असते, तर दहा जणांपैकी कोणीतरी गोलात उभे राहावयाचे आणि दोन गोलांची आघाडी पंधरा मिनिटे टिकवावयाची. तो उठला, हेलपाटत गोलात गेला आणि सामना संपेपर्यंत उभा राहिला. आपल्याला पुढचे सारे धुक्यातून पाहिल्यासारखे दिसत होते, असे त्याने नंतर सांगितले. त्या धुक्यातही त्याने आणखी चढाया परतविल्या. चषक घेताना त्याची मान एका बाजूला कललेली होती आणि पारितोषिके देणाऱ्या प्रिन्स फिलिप यांच्याही ते लक्षात आले.

दुसऱ्या दिवशी लंडनमध्ये एका रुग्णालयात त्याला मान लचकली आहे, बरी होईल, असे सांगण्यात आले. वेदना थांबेनात, म्हणून मँचेस्टरला परतल्यावर, सामन्यानंतर चौथ्या दिवशी, क्ष-किरणांनी छायाचित्र काढले. मानेचे पाच मणके सरकले होते आणि दुसरा मणका दुभंगला होता. तिसरा मणका दुसऱ्यावर पाचरीसारखा घट्ट बसल्यामुळे मज्जारज्जू बचावला आणि माणूस जगला. इतक्या जखमेनिशी तो गोलात पंधरा मिनिटे खेळला होता.

या प्रसंगाची इंग्लंडमध्ये शौर्यकथा झाली आणि ती अजून सांगितली जाते. त्या शौर्याबद्दल शंका नाही. परंतु क्रीडाशिक्षकांनी ही कथा मुलांना सांगताना तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शुद्ध हरपलेल्या खेळाडूला पुन्हा खेळावयास उभे करणे हे आजच्या वैद्यकीय ज्ञानानुसार सर्वस्वी चूक आहे. मानेला मार बसलेल्या मुलाला ओढून उठवू नये, मान हलू देऊ नये, हे खेड्यातील शाळेच्या मैदानावरही ठाऊक असावयास हवे. दोष त्या खेळाडूचा नव्हे, नियमांचा होता. पुढच्याच वर्षी, १९५७ च्या अंतिम सामन्यात, मँचेस्टर युनायटेडचा गोलरक्षक रे वुड याच्या गालाचे हाड सुरुवातीच्या काही मिनिटांत मोडले, एका बचावपटूला गोलात उभे राहावे लागले आणि युनायटेड तो सामना हरला. इतके होऊनही इंग्लिश लीगमध्ये जखमी खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेण्यास परवानगी मिळाली ती १९६५ मध्ये. नियम करणारी मंडळी मैदानापासून लांब बसली की त्यांना दुखापती दिसण्यास किती वेळ लागतो, याचा हा मासला.

कित्येक महिने त्याचे डोके आणि मान साच्यात जखडून ठेवली होती. याच वर्षी त्याचा पाच वर्षांचा मुलगा मोटारीखाली सापडून मरण पावला. या आघातातून त्याचे घर पुरते सावरले नाही आणि १९७२ मध्ये त्याचा विवाह संपुष्टात आला. १९५६ च्या डिसेंबरात तो पुन्हा मैदानावर उतरला. पूर्वीचा आत्मविश्वास सहजी परत येईना. त्याने आता निवृत्त व्हावे, असे म्हणणारेही निघाले. १९५७-५८ च्या हंगामात सिटीने लीगमध्ये १०४ गोल केले आणि १०० गोल स्वीकारले. एकाच हंगामात दोन्ही बाजूंनी शंभरी गाठण्याचा हा प्रकार इंग्रजी फुटबॉलमध्ये दुसरा घडलेला नाही, आणि कोणत्याही गोलरक्षकाला तो अभिमानाने सांगता येण्याजोगा नाही. तरीही तो टिकला. १९६४ पर्यंत मँचेस्टर सिटीसाठी तो एकंदर ५४५ सामने खेळला. त्या वर्षी १५ एप्रिलला त्याच्या सन्मानार्थ झालेल्या सामन्याला अधिकृत नोंदीप्रमाणे सुमारे ४७,००० प्रेक्षक आले. प्रत्यक्षात ते याहून बरेच अधिक होते, असे म्हणतात. त्या दिवशी मँचेस्टरच्या दोन्ही क्लबांचे खेळाडू एका संघातून खेळले, आणि ज्यांना त्या शहरातील चुरस ठाऊक आहे, त्यांनाच याचे अप्रूप कळेल.

खेळाडूचे आयुष्य चाळिशीत संपते. माणसाचे संपत नाही. नियतकालिकांतून क्रीडापटूंची जी चरित्रे येतात, ती बहुधा निवृत्तीच्या सामन्याशी थांबतात. ट्राउटमानच्या बाबतीत तसे थांबून चालणार नाही. त्याने १९६५-६६ मध्ये मँचेस्टरजवळील स्टॉकपोर्ट काउंटी या गरीब क्लबचे व्यवस्थापन पाहिले. मोठ्या क्लबांकडे जाणारा प्रेक्षक आपल्याकडे वळावा, म्हणून तेथे शुक्रवारी संध्याकाळी सामने ठेवण्याची युक्ती काढण्यात आली. पुढे जर्मनीतील दोन क्लबांकडे त्याने प्रशिक्षक म्हणून काम केले, पण त्यात त्याला फारसे यश आले नाही. उत्तम खेळाडू उत्तम प्रशिक्षक होतोच असे नाही, आणि कमावलेले नाव पोट भरीत नाही, हा अनुभव त्यालाही चुकला नाही.

त्यानंतर पश्चिम जर्मनीच्या विकाससाहाय्य योजनेतून त्याला नवे काम मिळाले. त्या देशाचे सरकार आणि तेथील फुटबॉल महासंघ मिळून आशिया व आफ्रिकेतील देशांना प्रशिक्षक पाठवीत असत. धरणे, कारखाने आणि यंत्रसामग्री यांच्या जोडीला क्रीडाशिक्षण हाही विकासाचा भाग आहे, अशी त्यामागची भूमिका होती. ट्राउटमानची पहिली नेमणूक आपल्या शेजारच्या ब्रह्मदेशात झाली. ब्रह्मदेशाचा फुटबॉल संघ तेव्हा आशियात अग्रेसर होता. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये तो खेळला आणि तेथे त्याने सुदानचा २-० असा पराभव केला. सोव्हिएत युनियन व मेक्सिको या बलाढ्य संघांकडून तो प्रत्येकी एकाच गोलाने हरला. पुढे टांझानिया, लायबेरिया, पाकिस्तान अशा देशांतून, जेथे सपाट मैदान मिळणेही दुरापास्त, १९८८ पर्यंत हे काम चालू राहिले. दहाव्या वर्षी ज्याला इतर वंश हीन असल्याचे शिकविले गेले, त्याने आपल्या उतरत्या वयातील पंधराहून अधिक वर्षे अशा लोकांच्या मुलांना चेंडू कसा झेलावा आणि संघ कसा बांधावा, हे दाखविण्यात घालविली. मँचेस्टरमधील वर्षांवर पुस्तके निघाली, २०१८ मध्ये चित्रपटही आला. या कामाबद्दल मात्र फार थोडे लिहिले गेले आहे. तेथे वेंब्ली नव्हते, हेच त्याचे कारण असावे.

निवृत्तीनंतर तो स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाजवळ स्थायिक झाला. २००४ मध्ये ब्रिटन आणि जर्मनी यांच्यातील सामंजस्य वाढविल्याबद्दल ब्रिटिश सरकारने त्याला ओ. बी. ई. हा किताब दिला. मान पूर्वीसारखी कधीच वळली नाही. वेंब्लीवरील त्या पंधरा मिनिटांची आठवण ती त्याला शेवटपर्यंत करून देत असे. १९ जुलै २०१३ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, स्पेनमधील राहत्या घरी त्याचे निधन झाले.